सात किलोचं मशीन

घर बदललं की ओळखीचा प्रत्येक माणूस एकच प्रश्न विचारतो, "सामान नीट पोचलं ना?" आपणही खुशीत सांगतो, "हो, एक ओरखडासुद्धा नाही!" मग गाडी नव्या घराच्या हवापाण्याकडे वळते. ज्यांनी ते सामान उचललं ती माणसं नीट घरी पोचली का, हे मला आजवर एकानेही विचारलेलं नाही. आजचा लेख त्या न विचारलेल्या प्रश्नाबद्दल आहे. वॉशिंग मशीन, फ्रीज, इन्व्हर्टरची बॅटरी अशा जड वस्तू हलवताना काय काळजी घ्यावी याची माहिती ढिगाने मिळते. थोडी मीही देणार आहे, कारण ती उपयोगाची आहे. पण 'सुरक्षित' हा शब्द आपण फक्त वस्तूला लावतो आणि तिथेच सगळा हिशोब गंडतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

तर झालं असं, की बाबा गेल्या वर्षी रिटायर झाले. नोकरी सगळी साताऱ्यात, एसटीच्या वर्कशॉपमध्ये. आईचं माहेर सांगलीचं. "तुझ्या नोकरीसाठी तीस वर्षं अजिंक्यतारा बघितला, आता मला माझ्या माणसांत राहू दे," असं तिने जाहीर केलं आणि विषय संपला. साताऱ्याचं घर शाहूपुरीत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. सांगलीचं विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट तिथेही नाही. मधलं अंतर साधारण सव्वाशे किलोमीटर. उंब्रज, कराड, पेठ नाका, आष्टा, सांगली. मी पुण्यात, हिंजवडीत. म्हणजे फोनाफोनीचं खातं आपोआप माझ्याकडे!

पहिल्यांदा एका मूव्हर्स-पॅकर्स कंपनीकडून कोटेशन मागवलं. सुंदर पीडीएफ आली. बबल रॅप किती थरांचा, टीव्हीला कोणता खोका, ट्रान्झिट इन्शुरन्स किती टक्के, फ्रीजची काच फुटली तर किती, कपाटाला पोचा आला तर किती. आणि खाली एका ओळीत 'लेबर : इन्क्लुडेड'. बस्स. माणसं किती, जिने किती, त्यांना काही झालं तर काय, यातलं काहीच नाही. काचेला आख्खा परिच्छेद आणि माणसाला एक शब्द. दोष एकट्या त्या कंपनीचा नाही म्हणा. आपण गिऱ्हाइकं जे विचारतो तेच ते छापतात.

आता मशीनकडे येऊ. फोनवर "सात किलोचं वॉशिंग मशीन आहे" असं आपण बिनदिक्कत सांगतो. हे सात किलो कपड्यांचे असतात! समोरून कपडे टाकायच्या सात किलोच्या मशीनचं स्वतःचं वजन साठ ते सत्तर किलो भरतं. वरून कपडे टाकायचं ऑटोमॅटिक मशीन त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे 'सात किलोचं मशीन' या तीन शब्दांत ऐकणाऱ्याला उचलण्याबद्दल काहीही कळत नाही. शोरूममध्ये, जाहिरातीत, वॉरंटी कार्डावर सगळीकडे तो सातचा आकडा ठळक असतो. सत्तरचा आकडा खोक्याच्या बाजूला किंवा माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानांत. आणि खोकं तर आपण पहिल्याच दिवाळीला रद्दीत दिलेलं असतं.

एवढं वजन कशासाठी? तर आत चक्क काँक्रीटचे ठोकळे असतात (हो, खरंच काँक्रीट!), साधारण वीस-पंचवीस किलोंचे. कारण साधं आहे. ड्रम मिनिटाला १२०० फेरे घेत असताना ओले कपडे एका बाजूला गोळा झाले, समजा फक्त पाव किलोचा फरक पडला, तरी पंचवीस सेंटिमीटर त्रिज्येवर बाहेर ओढणारा जोर येतो जवळजवळ १०० किलो वजनाएवढा. आणि तो सेकंदाला वीस वेळा दिशा बदलतो. काँक्रीट नसेल तर मशीन बाथरूममधून हॉलमध्ये चालत येईल. म्हणजे हे वजन हौसेचं नाही, ते मुद्दाम घातलेलं आहे. डिझाइन करणाऱ्याने आपल्या फरशीचा आणि आपल्या झोपेचा विचार केला, छान केलं. त्याची किंमत मात्र जिन्यात चुकती होते आणि ती चुकवणारा माणूस त्या डिझाइनच्या मीटिंगला नसतो.

ड्रम आत स्प्रिंगांवर टांगलेला असतो. म्हणून नवीन मशीन येतं तेव्हा मागच्या बाजूने ड्रमला लांब बोल्ट मारलेले असतात. ट्रान्झिट बोल्ट. मशीन बसवताना मेकॅनिक ते काढून देतो आणि बहुतेक घरांत ते भंगारात जातात. घर बदलताना हे बोल्ट पुन्हा मारले नाहीत तर सुटा ड्रम वाटेतल्या प्रत्येक खड्ड्यात आतून धडका देत जातो. आमच्या मातोश्रींनी ते चार बोल्ट मेतकुटाच्या जुन्या डब्यात, पिशवीत गुंडाळून, सात वर्षं जपून ठेवले होते. आई या जमातीला कोणताच डेटा डिलीट करता येत नाही, आणि ते किती बरं असतं हे अशा वेळी कळतं :)

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. मशीनच्या खालच्या फिल्टरमधून आणि पाइपांमधून पाणी काढून टाकायचं. फ्रीज आदल्या दिवशी बंद करून, बर्फ वितळवून, आतून पुसून कोरडा करायचा. न्यायचा उभाच, कारण कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं आणि फ्रीज आडवा केला की ते नळ्यांमध्ये शिरतं. नाइलाजाने कलवावा लागलाच तर नव्या घरी काही तास नुसता उभा ठेवायचा, मगच चालू करायचा. मागच्या नळ्यांना धरून ओढायचं नाही. आजच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आयसोब्युटेन वायू असतो, थोडासाच, पण पेट घेणारा. इन्व्हर्टरची बॅटरी उभीच ठेवायची, तोंडं घट्ट बंद करून, कारण आत ॲसिड आहे. टेम्पोत सगळ्यात जड वस्तू केबिनच्या बाजूला, मध्ये गाद्या, आणि दोर वस्तूच्या कमरेला, गळ्याला नाही. झालं. यातलं सगळं पाळलं की वस्तू सुरक्षित.

आता जिना.

दोन माणसांनी सत्तर किलो उचलले की प्रत्येकी पस्तीस, असं आपण धरून चालतो. सपाट जमिनीवर ते बरोबर आहे. जिन्यात एक वर असतो, एक खाली, आणि वस्तू कलते. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मेकॅनिक्समध्ये मोमेंट घ्यायला शिकवतात, आयुष्यात कुठे उपयोग होणार म्हणून आम्ही हसायचो. त्या रात्री वहीवर घेतले. मशीन साठ सेंटिमीटर रुंद, पंच्याऐंशी उंच. दोघांनी बुडाच्या कडेला धरलंय. गुरुत्वमध्य मधोमध आहे असं समजू. मशीन २० अंशांत कललं की खालच्या माणसाच्या वाट्याला ७६ टक्के वजन येतं. ३० अंशांत कललं की ९१ टक्के! सत्तर किलोच्या मशीनमध्ये याचा अर्थ आधी ५३ किलो आणि मग ६४. वरच्याच्या हातात उरले सहा किलो. वरचा माणूस त्या क्षणी मशीन उचलत नसतो, सोबत करत असतो. आम्ही सर्व्हरवर लोड बॅलन्सिंगच्या गप्पा मारतो, आणि आमच्याच जिन्यात असं असतं.

बाबांना वही दाखवली. ते म्हणाले, "एवढं गणित कशाला? खालचा माणूस कायम जास्त उचलतो, हे गिअरबॉक्स उतरवणाऱ्या कुठल्याही हेल्परला विचार." वर्कशॉपमध्ये म्हणूनच जाणता माणूस खाली उभा राहतो आणि नवखा वर. पण जाणता माणूस म्हणजे बहुतेक वेळा वयाने मोठा माणूस. सगळ्यात जास्त वजन सगळ्यात जुन्या पाठीवर.

हे आकडे कशाशी ताडून बघायचे? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा हाताने उचलायच्या कमाल वजनाबद्दलचा १९६७ चा करार आहे. भारताने तो २०१० मध्ये मान्य केला. त्याच्यासोबतच्या शिफारशीत धडधाकट पुरुषाने एकट्याने उचलायच्या वजनाची मर्यादा ५५ किलो सांगितली आहे. म्हणजे २० अंशांत तो खालचा माणूस मर्यादेच्या काठावर आहे आणि ३० अंशांत केव्हाच पलीकडे गेलेला आहे. आणि हे दोन माणसं लावून! १५० ॲम्पिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी तर पन्नास-साठ किलोंची असते. ती दिसायला लहान, म्हणून आपण "ती काय, एकटा नेईल" म्हणून मोकळे होतो.

आमच्याकडे टेम्पोवाल्याने दोन जण पाठवले होते. एक विशीतला, दुसरे पन्नाशी उलटलेले, डोक्याला टॉवेल, कमरेला काही नाही. बाबांनी त्यांना आधीच सांगितलं, "मामा, हे मशीन सत्तर किलोचं आहे. तिसरा माणूस बोलवू." मामा हसले. "साहेब, आमच्या पाठीला काय धाड भरलीया? तुम्ही मशीनला जपा म्हंजे झालं." वर हेही म्हणाले, की तिसरा आला तर तेवढ्याच पैशात वाटणी तिघांत होणार.

मला वाटतं सगळा प्रश्न या शेवटच्या वाक्यात आहे. हमाली आपण वस्तूवर ठरवतो, किंवा आख्ख्या घरावर. "सगळं मिळून किती घेणार?" मग जितकी माणसं कमी तितकी प्रत्येकाची कमाई जास्त. म्हणजे धोका पत्करणाऱ्याला आपण बक्षीस देतो आणि काळजी घेणाऱ्याला दंड. वर म्हणतो, "त्यांना सवय असते हो." सवय कशाची? पाठीला भार सोसायची सवय होत नाही, ती झिजते. बाबांनी मामांना सांगितलं, "तुमच्या दोघांचे ठरलेत तेवढेच राहतील. तिसऱ्याचे सहाशे माझ्याकडून वेगळे." दहा मिनिटांत तिसरा हजर! तिसरा खाली मामांच्या शेजारी लागला, मशीनखालून रुंद पट्टे घातले आणि मशीन शक्य तितकं सरळ ठेवून प्रत्येक वळणावर टेकवत खाली आणलं. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मामांनी मशीन टेकवलं तेव्हा त्यांच्या दंडाचे स्नायू थरथरत होते, आणि तेव्हा तर तिघे होते. दोघे असते तर काय झालं असतं याचं उत्तर मला वहीवर काढायचं नाही.

गंमत बघा, ओझं वाहणाऱ्या माणसाचा विचार करायला महाराष्ट्राला ज्यांनी शिकवलं ते याच भागातले. साताऱ्याच्या पाटण-जावळीतून, सांगलीच्या शिराळ्यातून डोंगरी गावांतली पोरं मुंबईला गेली आणि गोदी, मशीद बंदर, भात बाजारात माथ्यावर ओझी वाहू लागली. माथा म्हणून माथाडी. त्यांना एकत्र बांधणारे अण्णासाहेब पाटील मूळचे पाटण तालुक्यातले. पुढे १९६९ मध्ये महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार कायदा झाला. त्याची रचना एखाद्या चांगल्या सॉफ्टवेअरसारखी आहे. रोज मालक बदलणाऱ्या कामगाराला कायमचा मालक नसतो, म्हणून मध्ये एक मंडळ. मालकाने मजुरी मंडळात भरायची, वर ठरावीक टक्के लेव्ही भरायची, आणि त्यातून कामगाराला प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, पगारी रजा, औषधपाणी. ज्या माणसाला दिवसाला पाच मालक, त्यालाही पेन्सिलीने का होईना, पण कुठेतरी नाव असलेलं पान मिळालं.

पोत्याचं वजनही असंच भांडून कमी झालं. एके काळी क्विंटलभराचं पोतं एका पाठीवर जायचं. ते पन्नास किलोंवर यावं म्हणून हमालांच्या संघटनांनी वर्षानुवर्षं मागणी लावून धरली. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचं, गुळाचं ओझं वाहणाऱ्या माणसाला हा इतिहास सांगावा लागत नाही. पण आमच्या जिन्यात मंडळ नव्हतं, लेव्ही नव्हती, मुकादम नव्हता. बाजारातलं पोतं पन्नास किलोंचं झालं आणि घरातलं मशीन सत्तरचं! पोतं लहान करता येतं, मशीनचे दोन भाग करता येत नाहीत. म्हणून माणसं वाढवायची किंवा साधनं आणायची, तिसरा मार्ग नाही. आणि त्या दोन तासांपुरते मालक आपण असतो. कायद्याच्या कागदावर असू-नसू, जिन्यात असतोच.

यावर मित्रांचे दोन आक्षेप ठरलेले. पहिला : "कशाला एवढा व्याप? जुनं विकून टाक, तिकडे नवीन घे." अरे बाबा, तिकडे नवीन मशीन काय पायऱ्या चढून स्वतः येणार आहे? डिलिव्हरीवाली दोन पोरं ते उचलूनच आणणार, आणि जुनं विकत घेणाराही कोणाच्या तरी पाठीवरूनच नेणार. एका जिन्याचे दोन जिने झाले, आपल्याला दिसले नाहीत इतकंच.

दुसरा आक्षेप : "अशाने हमाली वाढते." वाढते की. आमच्याकडे साताऱ्यात सहाशे वाढले. सांगलीला वर चढवताना मावसभावाने तिथला एक माणूस जास्तीचा बोलावून ठेवला, त्याचे वेगळे. तीस हजारांच्या मशीनवर हजार-बाराशे. शनिवारी चौघे जेवायला गेलो तर याहून जास्त बिल होतं आणि तिथे आपण टिपही ठेवतो. पैसा हा मुद्दाच नाही. घासाघीस करायची सवय हा मुद्दा आहे.

सांगलीचे लोक या बाबतीत थोडे शहाणे आहेत असं मला वाटतं, आणि तो शहाणपणा त्यांना कृष्णेने शिकवलाय. सांगलीत फ्लॅट बघताना "पाणी येतं का?" हा प्रश्न दोन अर्थांनी विचारतात, नळाचं आणि नदीचं. आयर्विन पुलाजवळ ४५ फूट ही धोक्याची पातळी. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. गावभागात राहणाऱ्या मावशीच्या गल्लीत त्या रात्री प्रत्येक घरात एकच काम चालू होतं, खालचं वर न्यायचं. धान्य गेलं, गाद्या गेल्या, छोटा फ्रीज दोघांनी माळ्यावर चढवला. वॉशिंग मशीन मात्र खालीच राहिलं. त्याला चार माणसं लागली असती आणि गल्लीतली चार माणसं तेव्हा शेजारच्या आजींना खुर्चीसकट उचलून नेत होती. मावशी आजही त्या मशीनबद्दल हळहळत नाही. "माणसाचे हात मोजकेच असतात रे," एवढंच म्हणते.

महापुरात जे पटकन कळतं ते साध्या रविवारी का कळू नये? म्हणून माझं म्हणणं एवढंच. पुढच्या वेळी टेम्पोवाल्याला फोन कराल तेव्हा "सात किलोचं मशीन" म्हणू नका. माहितीपुस्तक उघडा, खरं वजन बघा आणि ते सांगा. मार्करने कागदावर लिहून मशीनवर चिकटवा. मजला किती, लिफ्ट आहे का, जिना किती रुंद, वळणं किती हे सांगा. साठ किलोंच्या पुढच्या वस्तूला जिन्यात तीन माणसं आणि पट्टे ही अट तुम्ही घाला, त्यांनी मागायची वाट बघू नका. पैसे आख्ख्या घराचे नका ठरवू, माणशी ठरवा. पाणी द्या, वळणावर थांबू द्या, "जरा लवकर आवरा" हे वाक्य त्या दिवशी गिळून टाका. आणि काम झाल्यावर प्रत्येकाला विचारा, कुठे लागलं वगैरे नाही ना?

एवढं करूनही मशीनला ओरखडा आलाच तर? येऊ दे की. ती बाजू भिंतीकडे करून मशीन ठेवायचं. झालं!